मामांची अर्धी धून

वरातीत अडकलेल्या माणसानं दोनच गोष्टी कराव्यात. एक तर नाचावं, नाही तर गप उभं राहावं. नवनाथनं तिसरीच गोष्ट केली — त्यानं हॉर्न वाजवला.

परळीच्या स्टेशनकडं जाणारा तो रस्ता आधीच बोळाएवढा. त्यात लग्नसराईतली संध्याकाळ. समोरून दीक्षा ब्रास बँडची लाल कोटातली मंडळी येत होती, त्यांच्या मागं घोडीवर नवरदेव, आणि सगळ्यांच्या पुढं गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी. ती उलट्या पावलांनी चालत होती आणि हाताच्या इशाऱ्यावर आख्खा बँड पुढं आणत होती. हॉर्न ऐकताच ती गर्रकन वळली, शिट्टी फुंकली आणि हात आडवा करून थेट मोटारसायकलपुढं उभी राहिली.

"मॅडम, जाऊ द्या की. लई उशीर होतोय मला."

"नवरदेवालाबी होतोय. त्यानं वाजवला का हॉर्न?"

"त्याच्या घोडीला हॉर्न न्हाई ना..."

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. पण डोळ्यांना कोण आवरणार? ते हसलेच.

"गाडी बंद करा आन् ऐका," ती म्हणाली. "आमच्या मामांची धून हाय. फुकटात ऐकायला मिळायलीय."

ती पंचशीला. बँडची मालकीण. वडिलांचा बँड, पण परळीच्या वीजकेंद्राच्या राखेनं त्यांची छाती धरली आणि दम्यानं फुंकणं बंद झालं, तेव्हा बी.कॉम. झालेल्या या पोरीनं शिट्टी गळ्यात घातली. बाई बँड चालवणार म्हणून लोक हसले. हसू दे, म्हणाली. लोकांचे दात, लोकांचे ओठ.

आणि मामा म्हणजे निवृत्ती मामा, बँडचे ट्रम्पेटवाले. त्यांनी स्वतः बसवलेली एक धून होती. सुरुवातीला ती खालच्या सुरात घरच्या माणसाशी बोलल्यासारखी चाले, आणि मग एकदम वर चढे, इतकी वर की गच्चीवरच्या बायका काम टाकून कठड्याशी येत. वऱ्हाडानं ती पुन्हा पुन्हा वाजवायला लावली. नवनाथ आधी घड्याळ बघत होता. मग पेट्रोलच्या टाकीवर बोटांनी ताल धरू लागला. रस्ता मोकळा झाला, तरी क्षणभर तो तिथंच थांबला होता.

"आता जा की! उशीर झालाय ना?" पंचशीला म्हणाली.

"झालाच हाय... मग आणखी जरा झाला तर काय बिघडतंय?"

तो गेला. जाताना तीच धून शिळेवर वाजवत गेला. पंचशीलानं मागं वळून पाहिलं नाही. म्हणजे, फार पाहिलं नाही.

*

त्याच लग्नसराईत एका वरातीत फटाक्यांची माळ घोडीच्या अगदी पायाशी फुटली. नवरदेवाकडं तोंड करून वाजवणाऱ्या मामांसमोरच घोडी बिथरली. तिनं मान झटकली, ती नेमकी मामांच्या ट्रम्पेटवर आदळली, आणि पितळेचं तोंड मामांच्या तोंडात घुसलं. वरचे पुढचे दोन्ही दात गेले.

"दोनच तर दात," लोक म्हणाले. "कवळी बसवली की झालं."

जेवायला कवळी पुरते. पण ट्रम्पेट फुंकताना ओठांना मागून दातांचाच आधार लागतो, आणि वरचे सूर काढताना सगळा जोर तिथंच येतो. तेवढा जोर ही कवळी सोसणार नाही, असं दाताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे मामांचे दात नव्हते गेले, धंदाच गेला होता.

पंचशीलानं बँडच्या सगळ्या माणसांचा कामगार विमा काढून ठेवला होता. तेव्हा बँडवाल्यांनी तिची किती चेष्टा केली होती! "वाजिवणाऱ्याला काय व्हणार हाय? ढोल अंगावर पडंल व्हय?" आता तोच विमा कामाला येणार होता. तिनं विमा कंपनीला कळवलं, आणि कंपनीनं चौकशीसाठी बीडहून माणूस पाठवला.

दारात मोटारसायकल थांबली. पंचशीला बाहेर आली आणि उंबऱ्यातच अडखळली.

"तुमी?"

"जय भीम. मी विमा कंपनीचा तपासनीस. नवनाथ... चकलांब्याचा." त्यानं हेल्मेट काढलं. "आज रस्ता मोकळा हाय ना?"

"आज हॉर्न न्हाई वाजवला, म्हणून मोकळा हाय. या."

चहा झाला. नवनाथनं मोबाइल स्टुलावर उभा केला आणि मामांचा जबाब चित्रित करू लागला. नाव, गाव, काम. अपघात कसा झाला, कुठं झाला. मामा तोंडावर हात धरून बोलत होते. आणि मग नवनाथ सहज, अगदी आपुलकीनं म्हणाला —

"मामा, मी ऐकलीय तुमची धून. लई भारी वाजवता तुमी."

बस्स. तेवढंच पुरलं. दारी पाहुणा आलेला, त्यात कलेची कदर करणारा! मामा उठले. रुमालाची वात करून दातांच्या खिंडीत घट्ट कोंबली, खुंटीवरचं ट्रम्पेट काढलं आणि सुरू झाले.

पंचशीलानं हातातली कपबशी खाली ठेवली. ती डोळ्यांनी खुणावत होती, मान हलवत होती — मामा, नका, नका! मामांचं लक्ष कुठं? त्यांनी डोळे मिटून धून वाजवली, छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि म्हणाले, "दात गेलेत पाव्हणं. कला न्हाई गेली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वाजवता येत नाही म्हणून भरपाई मागणारा माणूस कंपनीच्या कॅमेऱ्यासमोर वाजवून मोकळा झाला होता.

ती नवनाथला सोडायला दारापर्यंत गेली. "ते... पुसून टाकता येत न्हाई का?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "न्हाई हो. जे झालं ते द्यावंच लागतंय. खोटं बोललो, तर उद्या माझ्या खऱ्यावर कोण इश्वास ठेवंल?"

तिला राग आला. लई राग आला. पण त्या रागाच्या तळाशी कुठंतरी हेही होतं की, हा माणूस हो म्हणाला असता तर तो तिच्या मनातून उतरला असता.

*

मग नवनाथ येतच राहिला. कधी ढोलवाल्याचं वय विचारायला, कधी घोडीवाल्याचा पत्ता घ्यायला. येताना हातात गावाकडच्या सीताफळांची पिशवी असायची.

"हे तपासात बसतंय का?" पंचशीला विचारायची.

"न्हाई. हे तपासाच्या भाईरचं हाय."

"मग भाईरच ठेवा की."

तो खरोखरच पिशवी ओट्यावर ठेवायचा. ती गेल्यासारखं करायची, परत यायची आणि पिशवी आत न्यायची. वडील खाटेवरून हे बघत आणि खोकल्याच्या आडून हसत. एकदा भुरभुर पावसात तो आला, तेव्हा तिनं न बोलता टॉवेल पुढं केला. त्यानं घेतला... आणि दोघांचीही बोटं टॉवेलावर लागतात त्याहून थोडी जास्त वेळ राहिली.

"पंचशीला," तो म्हणाला. पहिल्यांदाच मॅडम सोडून.

"काय?"

"...काय न्हाई. चहात साखर कमी हाय."

"चहा अजून दिलाच न्हाई तुमाला."

त्यानंतर तो यायचा बंद झाला. फोन नाही, काही नाही. काही दिवसांनी दुसराच तपासनीस दारात आला. 'नवनाथ यांनी तुमचं काम सोडलंय' एवढंच त्यानं सांगितलं. आणि पाठोपाठ कंपनीचा नकार आला. इजा किरकोळ आहे, माणूस वाजवू शकतो, चित्रीकरण आमच्याकडे आहे.

पंचशीलानं नकाराचा कागद घडी घालून पेटीत ठेवला. नकाराचं दुःख होतंच. पण न सांगता निघून गेलेल्या माणसाचं दुःख कुठल्या विम्यात बसवायचं, ते तिला कळेना.

*

"एकच मार्ग आहे," सुकन्याताई वकील म्हणाल्या. "निवृत्ती मामांनी मालकावर केस करायची. कायद्यानं भरपाईची जबाबदारी मालकाची, मालकाचा विमा कंपनीकडं. म्हणजे कंपनीलाही कोर्टात यावं लागेल. पण पंचशीला, कंपनी सुटली आणि तू एकटी अडकलीस, तर भरपाई तुला द्यावी लागेल. बँड विकायची वेळ येईल. विचार कर."

तिनं विचार केला नाही. तडक मामांकडं गेली.

"मामा, माझ्यावर केस करा."

मामांच्या हातातली भाकरी ताटात पडली. "तुज्यावर? येड लागलं का तुला?"

"केली न्हाई तर कंपनी सुटंल."

"सुटू दे! ज्या घरचं मीठ खाल्लं, त्या घरावर केस? तुज्या बापानं मला वाजिवणं शिकिवलं. मी रस्त्यावर खडी फोडत हुतो, पोरी."

"आन् बाबांचा दम गेला तवा लातूरच्या मोठ्या बँडनं तुमाला बोलावलतं. कावून न्हाई गेलात?"

मामा ताटातली भाकरी कुस्करू लागले.

"माझ्यासाठी ऱ्हायलात," ती म्हणाली. "तुमी गेला असता, तर तवाच बँड बुडाला असता. तुमचे उपकार माझ्यावर हायती, मामा. माझे तुमच्यावर न्हाईत. ते फेडायचे न्हाईत मला... फेडता यायचेबी न्हाईत. निसतं एवढं करू द्या."

आपणच समोरच्याचे ऋणी आहोत यावरून भांडणारी माणसं जगात थोडी. त्या दिवशी दोघं भांडली, रडली, शेवटी एकाच ताटातली भाकरी खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन मामांनी पंचशीलावर केस केली. वकिलाची फी पंचशीलानंच भरली.

*

सुनावणीच्या दिवशी कंपनीनं आपला साक्षीदार बोलावला. चित्रीकरण ज्यानं केलं तोच — नवनाथ. तो पिंजऱ्यात उभा राहिला, खरं सांगायची शपथ घेतली, आणि पंचशीलाकडं त्यानं एकदाच पाहिलं. तिनं नजर फिरवली.

न्यायाधीश मॅडमसमोर चित्रीकरण लावलं गेलं. मामांची धून कोर्टात घुमली. कंपनीचे वकील समाधानानं खाली बसले.

सुकन्याताई उठल्या. "ही पूर्ण धून आहे?"

"नाही," नवनाथ म्हणाला. "ही अर्धीच आहे. खालची. खरी धून इथून वर चढते. ती चढायच्या आतच मामा थांबले. आणि पुढं चित्रीकरण आणखी आहे. मामांनी घाईनं तोंडातून काढून मुठीत लपवलेला रुमाल त्यात दिसतो. तो रक्तानं भिजलेला होता. मी सगळं कंपनीला दिलं होतं. इथं तेवढंच आलेलं दिसत नाही."

कोर्टात कुजबुज झाली. पंचशीलानं मामांकडं पाहिलं. मामा पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. रुमालाचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

कंपनीचे वकील चवताळून उठले. "तुम्हाला संगीतातलं काय कळतं हो? वरचा भाग असतो हे कशावरून?"

"वरातीत अडकलो होतो, साहेब. एकदा नाही, कितीदा तरी ऐकलीय. झोपेतसुद्धा सांगेन."

"आणि तपास मधेच सोडलात, तो का? यांच्याशी काही संबंध आहे तुमचा?"

नवनाथनं कठड्यावरचे हात घट्ट आवळले. शपथ घेतलेल्या माणसाची मोठी पंचाईत असते, त्याला चहात साखर कमी आहे असं म्हणून सुटता येत नाही.

"संबंध अजून न्हाई," तो सावकाश म्हणाला. कोर्टातली भाषा सुटली आणि चकलांब्याची आली. "पण व्हावा... आशी लई इच्छा हाय."

न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाशी? निवृत्ती मामांशी?"

"न्हाई, मॅडम. मालकिणीशी."

मागच्या बाकावरचा ढोलवाला मोठ्यानं हसला. शिपायानं त्याला गप केलं, पण शिपाईही हसत होता.

"म्हणूनच सोडला तपास," नवनाथ म्हणाला. "मनात आसं आसताना मी रिपोर्ट लिहिणं बराबर न्हाई. ते कंपनीलाबी सांगितलंय."

पंचशीलाचे कान तापले. काही न सांगता निघून गेला, म्हणून इतके दिवस ती ज्याच्यावर जळत होती, त्याच्या जाण्याचं कारण हे होतं! आणि दुसऱ्याच क्षणी कंपनीचे वकील टाळी दिल्यासारखे म्हणत होते, "म्हणजे साक्षच पक्षपाती आहे, मॅडम! अशा साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"साक्षीदाराच्या मनाचं राहू द्या," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. "वाजवणारे समोर आहेत. मामा, वाद्य आणलंय?"

सुकन्याताईंनी आणायला सांगितलंच होतं. मामा उठले. रुमालाची वात कोंबली, डोळे मिटले. खालचा भाग नीट आला. मग धून चढू लागली... आणि हवा निसटली. नुसती फुस्स हवा. मामांनी पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकलं. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण सूर आला नाही.

त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं.

"न्हाई निघत, मॅडम," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं. "त्या दिशी घरी पाव्हणा आलता. म्हणला, लई भारी वाजिवता. आता पाव्हण्याम्होरं कसं म्हणावं... की मला येत न्हाई?"

कोर्टात कुणीच हसलं नाही.

बाहेर आल्यावर पंचशीलानं नवनाथला पायऱ्यांवर गाठलं. "असलं कोर्टात सांगायचं असतंय का?"

"दुसरीकडं कुणी इचारलंच न्हाई."

"निकाल लागंपर्यंत माझ्याशी बोलू नका. साक्ष इकत घेतली, असं कुणी म्हणायला नको."

"आन् नंतर?"

"नंतरचं नंतर."

पण हे म्हणताना तिचा हात नकळत गळ्यातल्या शिट्टीकडं गेला होता, आणि नवनाथनं ते पाहिलं होतं.

*

निकाल श्रावणात लागला. दोन दात गेल्यानं एखाद्याचं काम अडणार नाही, पण ट्रम्पेटवाल्याचा आख्खा धंदा जातो. तेव्हा इजा त्याच्या धंद्यावरून मोजावी, भरपाई पूर्ण द्यावी, आणि मालकाचा विमा असल्यानं ती कंपनीनं द्यावी. मामांनी निकाल ऐकला, पंचशीलाच्या वडिलांच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले.

नवनाथ त्याच संध्याकाळी परळीला निघाला. सीताफळांचा हंगाम अजून यायचा होता, म्हणून हात रिकामेच होते. स्टेशनाजवळच्या त्या अरुंद रस्त्यावर तो वळला, आणि शिट्टी वाजली.

रस्त्याच्या मधोमध पंचशीला उभी होती. केसांवर पावसाचे बारीक थेंब, एक हात आडवा, दुसऱ्या हातात मामांचं ट्रम्पेट.

"आता काय चुकलं माझं?" तो म्हणाला. "हॉर्नबी न्हाई वाजवला."

"गाडी बंद करा आन् ऐका."

कोर्टातून आल्यापासून ती रोज मामांसमोर बसत होती. ओठ सुजले, गाल दुखले. 'माज्या तोंडातून गेली तर गेली,' मामा म्हणाले होते, 'तुज्या तोंडातून येऊ दे.' तिनं ट्रम्पेट ओठांना लावलं. खालचा भाग तिनं वाजवलाच नाही. तो तर सगळ्यांनी ऐकलेला होता. तिनं थेट वरचा भाग घेतला. सूर कापला, एकदा फाटला, एका जागी तर चक्क घसरला... पण चढला. गच्चीवरच्या दोन बायका कठड्याशी आल्या.

नवनाथचे डोळे भरून आले होते. "मधी एक सूर चुकला," तो कसाबसा म्हणाला.

"शपथ घेतलेली न्हाई, तरीबी खरंच बोलता?"

"सवय लागलीय."

"मग मीबी खरंच सांगते," पंचशीला म्हणाली. तिचा श्वास अजून चढलेला होता. "तुमी तवा ते चित्रीकरण पुसलं न्हाई, मामांचं खरं कोर्टात सांगितलं, आन् माझी वाट अडवून न धरता बाजूला झालात... त्यासाठी तुमचे उपकार हायती. आन् उपकार बाजूला ठिवले तरीबी... मला तुमीच पाहिजेत."

मागं त्यांच्यामुळं अडकलेल्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. दोघांनी एकदमच वळून त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं बिचाऱ्यानं रिक्षाच बंद केली.

लग्न पुढल्या लग्नसराईत झालं. वरातीत बँड अर्थातच दीक्षाचा होता. नवरी स्वतःच्या वरातीत ट्रम्पेट वाजवणार म्हणाली, तेव्हा कुणी तिला अडवायच्या भानगडीत पडलं नाही. निवृत्ती मामा नवी शिट्टी गळ्यात घालून उलट्या पावलांनी पुढं चालत होते, आणि फटाके वाजवायला त्यांनी सक्त मनाई केली होती.

घोडी मात्र मामांनी मुद्दाम शोधून आणवली होती. तीच. नवनाथला वर बसवायच्या आधी त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढला आणि तिच्या तोंडापुढं धरला.

"खा बाई," ते म्हणाले. आता त्यांच्या तोंडात कवळी होती आणि ते हात न धरता हसत होते. "माजे दोन दात गेले, पण पोरीचं घर वसलं. लई सस्त्यात पडलं."

घोडीनं गूळ खाल्ला. मामांनी तिची मान थोपटली, दोन पावलं सावध मागं सरले आणि शिट्टी वाजवली.